सकाळी धरणारे ब्रेक

"मिस्तरी, हे गाडी तुमच्यासमोर शहाण्यावानी वागते आन् घरी गेली का अडून बसते," केशवभाऊ म्हणाले. "मी का खोटं बोलून राह्यलो?"

मी जीपखाली आडवा होतो. चारही चाकं हातानं फिरवून पाहिली. गरागरा फिरत होती. आता या माणसाला काय सांगावं?

अहेरीत माझं गॅरेज आहे. जुन्या फोर-व्हील जीपा दुरुस्त करण्यात माझे केस पिकले. केशवभाऊंचं गाव जंगलात, नाल्यापलीकडे. जीप त्यांनी लिलावात घेतलेली. पंक्चर काढणं, पट्टा कसणं, प्लग साफ करणं, सगळं अंगणातच करायचे, आणि नीटच करायचे. तक्रार एकच होती. सकाळी पेडल दाबलं की ब्रेक चाकं धरूनच ठेवायचे, सोडायचेच नाहीत. दुपारी गाडी ठणठणीत. आणि अहेरीला यायला त्यांना दुपारच व्हायची.

ब्रेकचं काम तसं सोपं असतं. पेडल दाबलं की पातळ ऑइल बारीक नळीतून चाकाकडे जातं आणि ब्रेकचे शू, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या, चाकातल्या गोल ड्रमवर दाबतं. पाय उचलला की स्प्रिंग शू मागे ओढते, ऑइल परत येतं. नाही आलं, तर चाक जाम. मी स्प्रिंगा बदलून दिल्या होत्या, पेडलची सेटिंगही केली होती. तरी तेच! मला राग आला होता, आणि 'लवकर करा' म्हणत मागे लागलेल्या केशवभाऊंवर तो मी काढला.

"तुम्हाले एवढी घाई काऊन आहे जी? लगन आहे का घरी?"

"पोरीले बाळंतपणाले आणलं," ते हळूच म्हणाले. "दिवस भरत आले. तिचं पहिलं लेकरू नाल्याच्या काठावरच गेलं. ॲम्ब्युलन्स त्या बाजूनं उभी, आमी या बाजूनं. तवा गाडी नोहती."

"मी येतो," म्हटलं. "मुक्कामालेच येतो. सकाळी काय करते ते पाहू."

सकाळी थंडी मरणाची होती. केशवभाऊंनी एकदाच पेडल दाबलं. दगडासारखं घट्ट. मग गाडी ढकलायला गेलो, तर जागची हलेना. "पाहा! पाहा आता!" ते ओरडले. बिचाऱ्यांना आनंदच झाला होता, आपण खोटे ठरलो नाही म्हणून.

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, शांताबाईनं, चहाला हाक मारली. चुलीपुढे त्यांची मुलगी सुनीता पाय पसरून बसली होती. निखाऱ्याशेजारी एक बाटली आडवी ठेवलेली, आत तुपासारखं पांढरं काहीतरी.

"हे का होय बाई?"

"टोरीचं तेल जी, मोहाच्या बियाचं. पोरीच्या पायाले लावतो. थंडीत गोठून जाते, रोज शेकाव लागते."

चहाचा कप तसाच खाली ठेवला. आमच्याकडे हे तेल दिव्याला, अंगाला, भाजीला, बैलगाडीच्या आसाला, कशालाही चालतं.

"केशवभाऊ, ब्रेक ऑइल सरलं होतं तवा तुम्ही का टाकलं?"

केशवभाऊ जमिनीकडे पाहायला लागले. "पाण्याचे दिवस होते. नाला भरून, अहेरीले याव कसं? बैलगाडीच्या आसाले तेच लावतो म्हून फडक्यातून गाळून टाकलं. दिवाळीपर्यंत चालली ना बरोबर!"

"तवा थंडी नोहती ना, देवा!"

ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं. बोट घातलं तर पांढरा गोळाच वर आला. पेडलच्या जोरानं ते घट्ट तेल नळीत पुढे सरकत होतं, मागे येत नव्हतं. ऊन चढलं की वितळायचं, मग गाडी शहाणी. त्यात असल्या तेलानं ब्रेकमधली रबरं खराब होतात, मग ब्रेकचा काय भरवसा? मी ओरडलोच, "ही गाडी आता हालवाची नाई! मी सामान आणतो, मंगच."

"माय वं!" आतून सुनीता कळवळली. शांताबाई धावल्या, आणि एका मिनिटात बाहेर येऊन म्हणाल्या, "कळा सुरू झाल्या."

केशवभाऊ माझ्याकडे पाहत होते. तो चेहरा मला बघवेना.

"पाणी गरम आहे का?" मी विचारलं. सुनीताच्या आंघोळीच्या पाण्याची गुंडी चुलीवर होतीच. ते पाणी नळ्यांवर आणि ड्रमवर ओतलं. प्रत्येक चाकामागे हवा काढायचा एक छोटा स्क्रू असतो, तो ढिला केला. पिचकन तेल उडालं आणि चाक सुटलं. चारही सुटली. पण तेल निघून गेल्यानं आता पायाचा ब्रेक नाहीच. उरला हँडब्रेक. तो वायरवर चालतो, ऑइलशी त्याचा संबंध नसतो. आणि उरला लो गिअर, ज्यात इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं.

"मी चालवतो," म्हटलं. "तुम्ही रस्ता सांगा."

मागे गादीवर सुनीता आणि शांताबाई. गावातल्या आशाताईनं, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीनं, फोन केला होता, ॲम्ब्युलन्स नाल्याच्या पलीकडे येणार होती. एवढी वर्षं गाड्या चालवल्या, पण इतका कधी भ्यालो नाही. उजवा पाय सवयीनं सारखा ब्रेककडे जायचा आणि मी त्याला शिव्या द्यायचो. नाल्याच्या उतारावर गाडी घसरायला लागली. पहिला लो गिअर, हँडब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी ओढलेला, स्टिअरिंग केशवभाऊंनी बाजूनं धरलेलं. गाडी कण्हत कण्हत पाण्यात उतरली आणि पलीकडे चढली.

ॲम्ब्युलन्स उभी होती. सुनीताला त्यात निजवलं तेव्हा केशवभाऊ काठावर मटकन खाली बसले आणि रडले. मीही रडलो, लपवत कशाला?

दुपारी फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या.

नंतर मी सगळी रबरं बदलली, नळ्या धुऊन काढल्या, ताजं ऑइल भरलं. केशवभाऊ खाली मान घालून म्हणाले, "चुकलं जी माझं." मी नुसतं "हूं" म्हटलं. पण खरं सांगू? दुकान नाल्याच्या या काठाला आणि गाडी त्या काठाला असेल, तर माणूस घरात जे आहे तेच ओतणार. म्हणून आता पावसाळा लागायच्या आधी पलीकडच्या प्रत्येक जीपच्या सीटखाली मी ब्रेक ऑइलची एक सीलबंद बाटली ठेवूनच गाडी सोडतो.