पाठचा भाऊ

गाव सोडलं त्या दिवशी आईने एकच बजावलं होतं, "मागे वळान बघू नको गो." जाणाऱ्याने वळून बघायचं नाही आणि राहणाऱ्याने मागून हाक मारायची नाही, हा आमच्या घरचा नियम. आई ओट्यावर आणि माझा पाठचा भाऊ सुधा खळ्यात उभा, एवढं मनात धरून मी सडक गाठली आणि एसटीत चढले. डोळे भरले होते, तरी वळले नाही. सांगितलेलं ऐकण्यात मी पहिल्यापासून हुशार.

मुलुंडला एका एक्सरे सेंटरमध्ये लागले, ती अजून तिथेच आहे. दिवसभर लोकांच्या पाठी बघते. "छाती पाटीला चिकटवा. श्वास रोखा. काका, हलू नका ना!" कुणाची पाठ ओझी उचलून वाकलेली, कुणाची नुसतीच थकलेली. संध्याकाळी माझ्या वन रूम किचनमध्ये मी पाठ टेकते, तेव्हा ती दुखतेय हे सांगायला कुणी नसतं. बाम लावायला गेलं की मधोमध हात पोचत नाही. एकट्या माणसाला ती जागा बरोबर ठाऊक असते.

लहानपणी आई माझी पाठ थोपटून शेजारणींना सांगायची, "हिच्या पाठीर झील झालो!" माझ्या पाठीवर मुलगा झाला म्हणून केवढा रुबाब होता त्या पाठीचा! पण मी मुंबईला आले आणि तोच भाऊ तुटक झाला. फोनवर "बरा आसा" म्हणायचा की ठेवायचा. आई गेली तेव्हा तर चारचौघांत म्हणाला, "ताई पाठ फिरवून गेली, ती गेलीच." ते वाक्य मुलुंडपर्यंत सोबत आलं.

यंदा गणपतीत समया घासता घासता त्याला विचारलंच, एवढा राग कसला रे?

"तू लाडवांचो डबो विसरलंस," तो समईकडेच बघत म्हणाला. "मी सडकेपर्यंत मागसून धावलंय. साद कशी घालतलंय? वाटला, एकदा तरी वळतलंस."

म्हणजे तो हाक मारत नव्हता आणि मी वळत नव्हते. दोघंही आईचं ऐकत होतो! मला रडूच आलं.

"लाडवांचं काय केलंस?"

"थयच उभो रवान खाल्लंय. रडत."

परत निघाले तेव्हा तो सडकेपर्यंत सोडायला आला. एसटीच्या पायरीवरून मी या वेळी वळून बघितलं. तोंडावर हात दाबून तो तिथेच उभा होता.

मुलुंडला मागून हाका पुष्कळ ऐकू येतात, रिक्षावाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या. त्यातली एकही माझ्यासाठी नसते. तरी हल्ली सकाळी कुलूप लावून निघाले की जिन्यात एकदा मागे वळून बघते. बंद दार असतं. जिथे माझी पाठ दिसेनाशी होईपर्यंत कुणीतरी हाक दाबून उभं असतं, ते माझं घर. इथे मी फक्त राहते.