न्हाणीतला दिवा वाढला

नवीन जालन्यात आम्ही भाड्यानं राहायचो. घरमालकांना आपल्या नव्या बांधकामाचा भारी तोरा. न्हाणीत बल्ब लोंबता ठेवला तर पाणी उडतं, म्हणून त्यांनी स्लॅबमध्येच चौकोनी खड्डा ठेवून बल्ब त्यात बसवला होता आणि खालून दुधी काच चार स्क्रूंनी आवळली होती. दिसायला झकास होतं. बल्ब बदलायचा कसा, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

लग्नाला सहाच महिने झाले होते, आणि मला वडीगोद्रीच्या शाळेतून नोकरीची ऑर्डर आली. सोमवारी हजर व्हायचं होतं. ह्यांनी "आईला विचार" म्हणून हात झटकले. सासूबाईंना विचारलं, तर "बघू" म्हणून त्या ज्वारी निवडायला बसल्या. त्यांच्या त्या "बघू"त चार दिवस गेले. मला ती नोकरी हवी होती हो, फार हवी होती! म्हणून मी त्यांचा शब्द खाली पडू देत नव्हते.

शुक्रवारी दुपारी शेजारी वाती वळायला जाता जाता त्या म्हणाल्या, "न्हाणीतला दिवा वाढलाय बघ. त्याचं काहीतरी कर."

त्यांची आंघोळ पहाटे अंधारात, माझी उजाडल्यावर; त्या दिव्याशी माझं काही घेणंदेणंच नव्हतं. त्यात सासूबाईंचे डोळे आले होते. म्हटलं, उजेड टोचत असणार, बसवू लहान बल्ब. खोदून विचारायला गेले असते तर माझ्या तोंडून उलटा शब्द गेला असता, मी मला ओळखते. लाइट सकाळपासून गेलेली, त्यामुळे बटण दाबून बघायचाही प्रश्न नव्हता.

ओल्या फरशीवर स्टूल मांडलं. स्क्रू काढायला सुरी घेतली. तीन निघाले, चौथ्यानं मात्र रडवलं. तो सुटला आणि काचेवर साठलेले सगळे किडे, पाकोळ्या आणि एक वाळकी पाल माझ्या डोक्यावर! मी अशी किंचाळले, की घरात कुणी नव्हतं हेच नशीब. खड्ड्यात तीनच बोटं जायची. बल्ब दाबायचा, फिरवायचा, की तो मेला निसटायचा. अर्ध्या तासानं निघाला. त्या जागी कपाटातला लाल झिरोचा बल्ब बसवला आणि मी डोकं धुतलं.

दिवेलागणीला लाइट आली. सासूबाई पाय धुवायला आत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं बाई! माझा पाय मला दिसंना!"

"तुम्हीच म्हणालात ना आत्याबाई, दिवा वाढलाय. म्हणून कमी केला."

त्या बाहेर आल्या. "वाढला म्हंजे बंद पडला! दोन दिवस झाले, मी चाचपडत आंघोळ करून राह्यले!"

नारळ वाढवतात, बांगडी वाढते, हे मला ठाऊक होतं. विजेचा बल्बही वाढतो हे मला कुणी सांगावं?

"मग सरळ गेला म्हणायचं!"

"गेला? भरल्या घरात दिवा गेला म्हणायचं? मास्तरीण व्हायला निघाली, न् बोलणं कळंना!"

झालं, माझं डोकं फिरलं. "न्हाई कळत! पण त्या खड्ड्यात हात घालून बल्ब काढला कुणी? पाल डोक्यावर घेतली कुणी?"

बोलून गेले. संपली नोकरी. चार दिवस गिळलेलं सगळं एका दमात ओकले होते.

सासूबाई जवळ आल्या. "तू काढला? मला वाटलं, वायरमन आल्ता. त्यालाच निरोप दे म्हणून तुला सांगितलं मी."

"तुम्ही म्हणालात, काहीतरी कर. मी केलं."

त्या पुन्हा न्हाणीत गेल्या. मान वर करून त्या खड्ड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. हे तेवढ्यात ऑफिसातून आले, तर त्यांच्या हातात बॅटरी दिली आणि दारात उभं केलं. खोलीतला साठचा बल्ब मला काढायला लावला. मग स्वतः पदर कमरेला खोचला.

"स्टूल आण," त्या म्हणाल्या. "सोमवारी तू शाळेत गेल्यावर ह्याला काही झालं, तर मी काय वायरमनची वाट बघत बसू? दाखव, कसा काढतात ते."

त्या वर चढल्या. मी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.