डावीकडे न वळणारी मान

सेलूच्या भाजीबाजारात सकाळच्या लिलावाला बोली तोंडानं कमी, मानेनं जास्त लागते. पुकारणारा भाव चढवत जातो. घ्यायचं असेल तर हनुवटी खाली, सोडायचं असेल तर मान बाजूला. दोन्हीकडचे घेणारे ज्याला दिसत नाहीत, तो फसतो.

दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात माझी मान डावीकडे वळेना. डोक्यावर टोपल्या वाहून मी हा धंदा उभा केला. ज्या धाकट्या भावाला हाताशी धरून भाव करायला शिकवलं, तोच बाजारात सांगत फिरला, "दादाची मान गेली. सोमवारपासून त्याची जागा माही." हे मला परक्याकडून कळलं. ते अजून खुपतं.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी घरी करायचा व्यायाम दाखवला होता. तळहात कपाळाला लावायचा, डोक्यानं हलकेच रेटायचं, हातानं अडवायचं. मान जागची हलू द्यायची नाही. मग तसंच दोन्ही कानांच्या वर. मी दात खाऊन रेटायचो. हात मागे हटला की जिंकल्यासारखं बरं वाटायचं. शनिवारी दुखणं खांद्यात उतरलं आणि मी शेकायची पिशवी भिंतीवर फेकली.

"हातासंगबी भांडून राह्यले का?" बायको म्हणाली. "कोणीच हटाचं नाई, असं सांगतलं न बाईनं?"

"तू नको शिकवू मले."

"मंग बसा घरी. भाऊ हायेच तुमचा."

मी पुन्हा तळहात कपाळाला लावला. जोर वाढला की ती दंडावर चापट मारायची, "हळू! टमाटे नाई घेऊन राह्यले." मान सावकाश डावीकडे न्यायची, ताण जाणवला की थांबायचं. रविवारी संध्याकाळी डावीकडचं दार अर्धं दिसू लागलं.

सोमवारी भाऊ माझ्या जागी बसलेला.

"दादा, तुमी काऊन आले?"

"ऊठ."

तो उठला, पण मुद्दाम माझ्या डावीकडे, जरा मागे उभा राहिला. टमाट्यांचा पुकारा सुरू झाला. माझ्या प्रत्येक बोलीवर मागून कुणीतरी भाव चढवत होतं. कोण, ते कळत होतं. डोकं तापलं. पण झटका दिला असता तर मान तिथंच धरली असती. खांदे सैल सोडले, मान सावकाश नेली. ती अर्ध्यावर थांबली, तसा कमरेतून वळलो आणि थेट त्याच्या डोळ्यांत पाहिलं. खाली जाणारी त्याची हनुवटी थांबली.

टमाटे मी घेतले.

"कवापासून वळून राह्यली?" त्यानं हळूच विचारलं.

मी नजर पुकारणाऱ्याकडे नेली. पुकारा मिरचीकडे सरकला होता.