आलो का आयकू?

कार्यक्रम संपला तरी काका गिटार खांद्यावरून उतरवायचे नाहीत. तशीच गळ्यात अडकवून स्टेजच्या पायऱ्या उतरायचे आणि समोर जो पहिला माणूस दिसेल, मग तो नवरदेवाचा मामा असो की पत्रावळ्या उचलणारा, त्याला विचारायचे, "आलो का मी आयकू?"

समोरच्याला काही कळायचं नाही. गाणाऱ्याला लोक ओळखतात, ढोलकीवाल्याला ओळखतात. चार जाड तारांची गिटार घेऊन मागे उभा राहिलेला हा साठीचा, नखांत माती असलेला माणूस काय वाजवत होता, हे पाहुण्यांना कुठून ठाऊक असणार? पण माणसं भली असतात. "हो हो, आले की!" म्हणून मोकळी व्हायची. काका खूश. मग माझ्याकडे वळायचे. "आन् तुले?"

मी किबोर्डवर कापड टाकत असायचो. मान वर न करता म्हणायचो, "आले काका. झकास आले."

सहा वर्षं मी हे म्हणालो आणि सहा वर्षं खोटं बोललो. आता लाज झाकण्यात काही अर्थ नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

काकांचा आदिलाबादजवळ मावला गावात भाजीचा मळा होता. सकाळी आदिलाबादच्या बाजारात बसायचे, गिऱ्हाईक तेलुगू आलं तर "एम् कावाली अम्मा?" आणि मराठी आलं तर "काय देऊ माय?" दुपारी कुठे लग्न, कुठे हळद असली की त्याच मोपेडवर टोपल्यांच्या जागी गिटार. तिच्या पिशवीला कायम मेथीचा वास यायचा. तरुणपणी एका ऑर्केस्ट्रात बेसवाला आजारी पडला म्हणून हे एका दिवसासाठी उभे राहिले आणि मग जन्मभर उभेच राहिले. मी झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि लग्नांत वाजवणाऱ्या आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत किबोर्ड वाजवतो. पार्टीचा मालक आणि गायक म्हणजे आमचे मास्तर.

बेस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. गाण्याखाली एक घुमणारा, खोल आवाज असतो. तो असतो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, आणि नसला की गाणं पोकळ वाटतं. किबोर्डच्या डाव्या बाजूला हाच आवाज लावता येतो. उजव्या हातानं गाणं, डाव्या हातानं बेस. एका लग्नात काकांची वायर तुटली, तेव्हा मी तो लावला. मास्तरांना तो फार आवडला.

"याचा कसा साफ येते पाह्य," मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले. "आता असंच ठेव. मिक्सरवर त्याहीचं बटन खाली राहू दे. तिथं मले दुसरा माईक लागते."

"मग काकांना सांगायचं का?"

"काऊन सांगतं बापा? गिटारवाला मानूस उभा असला का ष्टेज भरून दिसते. वाजवू दे त्याहीले."

आमच्याकडे लग्नवाले स्टेजवरची डोकी मोजूनच पार्टी ठरवतात, हे खरं आहे. पण मी 'नाही' म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. म्हणजे तसं म्हणालोच नाही. किबोर्डवाला एकदा हलला की दुसरा उभा करायला मास्तरांना वेळ लागत नाही, ही माझी भीती.

मग असं सुरू झालं. काकांची वायर मिक्सरला लावलेली, पण मिक्सरवाल्यानं आवाज बंद ठेवलेला. ते तार छेडायचे, मी तिरक्या नजरेनं त्यांची बोटं बघून डाव्या हातानं तोच सूर दाबायचो. समोरच्या डब्यातून, म्हणजे स्पीकरमधून, आवाज यायचा आणि काका तो आपलाच समजून डोळे मिटून मान हलवायचे. कधी कधी म्हणायचे, "आज मी थोडा मागं पडून राह्यलो का रे?" मागे काका नव्हते, मी होतो. आणि त्याच दिवशी मोपेडच्या हँडलची पिशवी माझ्या हातात द्यायचे. "घे, वांगे हायेत. सांबार बी टाकला." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ती मी गुपचूप घरी न्यायचो आणि खायचो.

हे असंच चाललं असतं. घात केला काकूंनी. त्या कधी कार्यक्रमाला यायच्या नाहीत, पण मावल्यातच नात्यातलं लग्न होतं म्हणून पहिल्या ओळीत येऊन बसल्या. संपल्यावर काका उतरले आणि गर्दीतून सरळ बायकोपाशी गेले. "आलो का मी आयकू?"

काकू म्हणाल्या, "मले त नाही आले बा."

जगात एवढ्या एकाच बाईनं त्यांना खरं सांगितलं. काका हसले, पण दुसऱ्या दिवशी बाजार उरकून माझ्या दुकानात हजर.

"माहा आवाज त्या मिक्सरवाल्याच्या बोटात काऊन ठेवू मी?" ते म्हणाले. "मी माहा डबा घेतो. मांगं ठेवतो, त्यातूनच वाजवतो. तू चाल संगं. तुह्या कानावर माहा भरोसा हाय."

त्यांचा स्वतःचा डबा आला, की त्यांचा आवाज त्यातून येणार. मग समोरच्या डब्यातून येतो तो कुणाचा, हे कळायला कितीसा वेळ?

गावात वाद्यांचं एक दुकान आहे. पुढे हार्मोनियम आणि ढोलक्या, मागे अँप, म्हणजे आवाज मोठा करणारे डबे. बेसचे तीन होते. एक पाण्याच्या कॅनएवढा, एक मधला आणि एक एवढा जंगी की उचलायला दोघं हवेत. काकांनी घरूनच सगळं ठरवून आणलं होतं. मोपेडच्या पाय ठेवायच्या जागेत मावला पाहिजे. एका हातानं उचलला पाहिजे. कानाला लावायचं यंत्र जोडायला भोक पाहिजे, कारण घर दोन खोल्यांचं आणि काकू पहाटे उठतात. मिक्सरकडे वायर न्यायची सोयही पाहिजे. आणि खिशाला झेपला पाहिजे, हे तर आलंच.

दुकानदार वॅट सांगायला लागला. काकांनी हातानंच थांबवलं. आधी तिन्ही डब्यांच्या पाठीवर टिचक्या मारल्या, टरबूज घेताना मारतात तशा. मग गिटार जोडून सगळ्यात जाड तार मोकळी सोडली आणि तळहात डब्याच्या पाठीवर ठेवला. लहान डबा आवाज वाढवताच भर्र करून फडफडला. काका म्हणाले, "याले खालचा सूर झेपून नाही राह्यला. मोठा आवाज नाही पाह्यजे मले. खालचा पाह्यजे."

मधल्या डब्यावर तीच तार सोडली. तो आवाज फरशीतून माझ्या तळपायात आला.

"सांग," ते म्हणाले. "कोनता?"

मी म्हणालो, "लहानच घ्या काका. घरी सरावाला पुरे आहे. कार्यक्रमाला मिक्सर आहेच की."

दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. "भैया, क्या बात कर रहे हो? छोटा घर के लिए है. ढोलकी के बाजू में ये दब जाएगा. अंकल को बीचवाला दिलाओ."

"मधला जड आहे. त्यांना उचलायचा आहे रोज," मी हेका सोडला नाही.

काका माझ्याकडे बघून इतकं मायेनं हसले, की आजही ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. दुकानदाराला म्हणाले, "याले माही कमर दुखायची चिंता हाय." आणि त्यांनी मधला घेतला.

पुढच्या आठवड्यात सीमेवरच्या एका खेड्यात हळद होती. सकाळचा मांडव. काकांनी भाजीचं रिकामं क्रेट उपडं करून त्यावर डबा ठेवला, तोंड थोडं वर करून, स्वतःच्या गुडघ्यामागे. मी मास्तरांजवळ जाऊन हळूच विचारलं, "माझा डावा हात आता काढू का?"

"चालू ठेव," मास्तर म्हणाले. "त्या डब्याचा काय भरोसा?"

आणि मी ठेवला. आता मास्तरांवर ढकलून काय उपयोग? हात माझा होता.

पहिलंच गाणं. दोन बेस एकावर एक, माझा अर्धी मात्रा मागे. सगळा चिखल. काकांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना वाटलं, नवा डबाच खराब निघाला. वाजवता वाजवता वाकून बटणं फिरवली, पाठीवर तळहात ठेवून पाहिला. मग आवाज कुठून घुमतो ते बघायला त्यांनी चारही तारांवर पंजा दाबून धरला.

बेस वाजतच राहिला.

दोन सूर, फार तर तीन. माझा हात वेळेवर थांबला नाही. काकांनी समोरच्या डब्याकडे पाहिलं. मग माझ्या उजव्या हाताकडे. मग डाव्या.

ते गाणं संपेपर्यंत ते पंजा तारांवर ठेवून उभे होते. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा मी डावा हात मांडीवर ठेवला आणि तो तिथून हलवला नाही. काका थोडा वेळ थांबले, मग वाजवायला लागले.

मंडळी, मी त्या माणसाला पहिल्यांदा ऐकलं. सहा वर्षं दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. ओळ संपली की पुढची सुरू होण्याआधी ते तारेवरून खाली घसरत यायचे आणि बरोबर समेवर टेकायचे. ते मी कधी उचललंच नव्हतं, कारण बोटं बघून ते कळत नाही. ढोलकीवाला वाजवता वाजवता मागे वळून बघायला लागला. मांडवातल्या म्हाताऱ्या बाया पायानं ठेका धरायला लागल्या. इतका गोड वाजवणारा माणूस आम्ही स्टेज भरायला उभा केला होता.

कार्यक्रम संपला. मी वाट बघत होतो. काका गिटार गळ्यात घेऊन उतरतील, कुणाला तरी विचारतील, आणि या वेळी मी खरं उत्तर देईन. पण काकांनी गिटार स्टेजवरच काढली, पिशवीत घातली, वायर गुंडाळली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "किती दिसापासून?"

"सहा वर्षं."

ते वायरीला गाठ मारत होते. "तरीच म्हनलं," ते म्हणाले, "माहा सूर इतका साफ कसा येऊन राह्यला."

डबा एका हातानं उचलून मोपेडवर ठेवला आणि गेले. हँडलला पिशवी तशीच अडकवलेली होती. ती त्यांनी मला दिली नाही.

त्यानंतर काका पार्टीत आले नाहीत. "ष्टेज रिकामं दिसते," म्हणून मास्तर चार दिवस कुरकुरले आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात गिटार अडकवली. बाजारात काका दिसले की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो. महिनाभरानं एका दुपारी मनाचा हिय्या करून मावल्याला गेलो. काकू ओसरीवर सांबाराच्या जुड्या बांधत होत्या.

"आत हायेत," त्या म्हणाल्या. "बाजारातून आले का ते कानाले लावून बसतेत. मले काई आयकू येत नाही, माहा तरास गेला. जा."

काका खाटेवर बसले होते, भिंतीकडे तोंड, दाराकडे पाठ. कानावर ते यंत्र, वायर डब्यात. बोटं तारांवर चालली होती आणि खोलीत आवाज नव्हता, नुसती तारांची बारीक टकटक. मान हळूहळू हलत होती. मी दारात उभा राहिलो. जरा पुढे होऊन त्यांच्या खांद्याला हात लावायचा होता. चार पावलांचं अंतर.

मी जागेवरूनच म्हणालो, "काका, चुकलो. माफ करा मला."

पुन्हा म्हणालो, थोडं मोठ्यानं. काकांची मान हलली. तशी ती आधीपासूनच हलत होती. आणि मी, भेकड माणूस, तेवढं घेऊन परत आलो. पुन्हा येऊ, नीट समोर बसून बोलू, असं ठरवत. तो उन्हाळा निघाला नाही आणि काका गेले. बाजारात त्यांच्या जागी आता काकू बसतात.

मला बघून त्या कधी कधी वांगी देऊ करतात. मी घेत नाही. त्यांना एक विचारायचं असतं, पण त्यांना कुठून ठाऊक असणार? ते काकांनाच विचारायला हवं होतं, त्या दिवशी, चार पावलं पुढे जाऊन. मी आलो का आयकू?