पंपाची कुंडली मांडताना

किस्से जमवायला मी गेलेच नव्हते. रबाळ्याच्या आमच्या पंपांच्या कंपनीत मला काम मिळालं होतं पीएलएमच्या आराखड्याचं. म्हणजे पंप कागदावर जन्मल्यापासून भंगारात जाईपर्यंत त्याची सगळी माहिती एकाच सिस्टीममध्ये कशी राहील, ते ठरवायचं. त्यासाठी वही घेऊन प्रत्येक खात्यात विचारत फिरायचं, "हे कोण ठरवतं? आणि का?" आराखडा सावकाश पुढे सरकला. वहीची मागची पानं मात्र भराभर भरली!

*

पहिला धक्का लेथवर. तळवलीचे म्हात्रेकाका कित्येक वर्षं त्याच मशीनवर. त्यांचा शाफ्ट मोजला, तर ड्रॉइंगपेक्षा किंचित बारीक.

"काका, ड्रॉइंग चुकलंय का?"

"ड्रॉइंग बरोबर हाय, पोरी. पन त्या मापानं पंप फिरत नाय!"

त्यांनी मशीनचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला मार्करने लिहिलेली सगळ्या मॉडेलांची खरी मापं! मी गुपचूप फोटो काढला. कंपनीचा पहिला डेटाबेस सापडला होता.

*

डिझाइनमधला बदल मंजूर करायला किती सह्या? नियमाने चार. प्रत्यक्षात कागद आधी पॅकिंगच्या सुनंदाताईंकडे जायचा. का? तर एकदा पंपाचं तोंड मोठं केलं, चौघांनी सह्या ठोकल्या, माल तयार झाला आणि एकही पंप खोक्यात बसेना! तेव्हापासून ताई "बसतंय" म्हणाल्याशिवाय कोणी पेनाचं टोपण काढत नाही.

मी आराखड्यात त्यांच्या नावाचा चौकोनच काढला. प्रेझेंटेशनमध्ये डायरेक्टरसाहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "सुनंदाताई? हे कुठलं सॉफ्टवेअर? क्लाउडवर चालतं?"

"नाही सर, पॅकिंगमध्ये चालतं."

*

एका रिंगला डिझाइनमध्ये लांबलचक नंबर, परचेसमध्ये इंग्रजी नाव आणि स्टोअरमध्ये 'बांगडी'. ट्रायलमध्ये नंबर टाकून कोणी शोधेचना. शेवटी 'बोलण्यातलं नाव' असा एक रकाना वाढवला. पंधरा दिवसांत कोइमतूरच्या डीलरचा मेल: "काइंडली सेंड टेन बांगडी, अर्जंट!"

*

एकदा आमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पंपाचं मूळ, हाताने काढलेलं ड्रॉइंग सिस्टीममध्ये चढवत होते. 'मंजूर'च्या खाली जुन्या साहेबांची सही. ड्रॉइंग कोणी काढलं, तो चौकोन कोरा. ते नाव टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जाईना. चार जणांना विचारलं, कोणालाच माहीत नाही.

क्वालिटीच्या कांबळे मॅडम सहज डोकावल्या आणि ड्रॉइंगवर वाकून बघतच राहिल्या.

"हा इंग्रजी सात बघ. मधे आडवी रेघ. बाबा मला पाटीवर अस्साच काढायला लावायचे."

"तुमचे बाबा डिझाइनमध्ये होते?"

"इथेच शिपाई होते. साहेब जेवायला गेले की ड्रॉइंग बोर्डवर बसायचे. घरी येऊन सांगायचे, आज आख्खा पंप काढला! आम्ही सगळे हसायचो."

मी कीबोर्ड ओढला, त्यांनी सांगितलेलं नाव टाइप केलं. पुढचा रकाना उघडला.

"मॅडम, एम्प्लॉयी नंबर लागेल. जुनं रजिस्टर शोधायला हवं..."

"चारशे अकरा," त्या म्हणाल्या. "बाबांच्या जेवणाच्या डब्यावर कोरलेला असायचा."