गिरणेच्या काठावरची हाक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणाऱ्यांतली मी. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण मनात ठेवूनही राहवत नाही.

मी जळगावला एका ऑफिसात काम करते. माझे मामा, त्यांना आम्ही नाना म्हणतो, एरंडोल तालुक्यात गिरणेकाठच्या गावात शेती करतात. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. "बेटा, धरननं पानी सोडेल शे का, देख बरं. नदीमानी मोटर काढनी शे."

धरणातून पाणी सोडलंय का ते सांगणारी सरकारी वेबसाइट आहे. उघडली. नुसतं गोल फिरत राहिलं. मग कॅप्चा आला — नीट पाहून टाकला तरी 'चुकीचा'. पुन्हा टाकला तर पान पांढरं. मोबाइलवर पाहिलं तर परवाचेच आकडे! नाना लाइनवर, साहेब टेबलापाशी उभे. मी वैतागून म्हटलं, "नाही सोडलेलं, नाना. जा तुम्ही."

मी त्या दिवसाचं काहीही पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने स्क्रीनकडे लक्ष गेलं. पान आपोआप उघडलं होतं. धरणाचे दरवाजे सकाळपासूनच उघडे होते...

नानांना फोन लावला, तो मामीने उचलला. "भिजतो म्हणून फोन घरीच ठेवून गेले गं ते." मामीला गुडघ्यांमुळे चालवत नाही. तिने शेजारच्या भिकनभाऊंना मोटरसायकलवर नदीकडे पिटाळलं.

ते पोचले तेव्हा गिरणा दुथडी भरून वाहत होती. मोटर, पाइप, सगळं गेलेलं. नाना मात्र काठावर बाभळीखाली बसलेले. त्यांनीच भिकनभाऊंना विचारलं, "भाची कोठे गयी? आत्ते ते आठे उभी व्हती."

नानांचं म्हणणं — मी काठावर उभी राहून ओरडले, "नाना, बाहेर निंघा, पानी उनं!" म्हणून ते मोटर तशीच टाकून वर आले, आणि पाठोपाठ लोंढा आला.

मी त्या वेळी जळगावात होते, ऑफिसातले सगळे साक्षीला आहेत. शिवाय ती हाक अहिराणीतली; अहिराणी मला कळते, पण बोलता येत नाही. कधी बोललेच नाही.

रविवारी गावी गेले. मामीने दारातच ओवाळलं. माझ्यासाठी मांडे केले होते; मी ताट तसंच ठेवून उठले. शेवटी नानांना एकटं गाठून सांगितलं, "नाना, मी खोटं बोलले. त्या दिवसाचे आकडे मी पाहिलेच नव्हते. आणि ती हाकही माझी नाही."

नाना हसले. "असं काय बोलस? डोळानी देखं ना तुले. गळामा ते ऑफिसनं कार्ड बी व्हतं."

ते कार्ड घालून मी गावी कधीच गेलेले नाही.

काठावर कोण उभं होतं, मला आजही सांगता येत नाही. नाना मात्र आता नदीत उतरण्याआधी मलाच विचारतात. मी चार ठिकाणी फोन लावते, खात्री करते, तरी 'जा' म्हणताना जीभ अडखळते. म्हणते, "नाना, फोन सोबत ठेवा, पाण्यावर लक्ष ठेवा." तर तिकडून बिनधास्त उत्तर येतं —

"तू शे ना काठवर, मंग कसानं भ्याव!"