रस्त्याकडे तोंड केलेले बाक

आमच्या तळ्याकाठचे सिमेंटचे बाक रस्त्याकडे तोंड करून आहेत. ते बसवले तेव्हा तळ्याला असा वास यायचा, की पाठ फिरवूनच बसावं लागे. मग कित्येक रविवार आम्ही जलपर्णी उपसली, भांडून गटारं वळवायला लावली. आता पाण्यात ढग दिसतात. वास गेला, पाठ फिरवायची सवय मात्र सिमेंटमध्ये घट्ट बसली आहे. लोक येतात आणि रिक्षा बघत बसतात.

काल आमच्याबरोबर उपसणाऱ्या मालूताई बाकाच्या पाठीखालच्या फटीतून पाय सोडून, तळ्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

“अहो, पाय अडकेल!”

“अडकू दे. उपसलंय मी, बघणारही मीच.”

येत्या रविवारी मी पहार घेऊन जाणार आहे. बाक फिरल्याशिवाय तळं साफ झालं, असं मी म्हणणार नाही.